तान्ह्या पोळ्यातले ससे

श्री

अमरावती, भाद्रपद शुद्ध तृतीया, शके १८६०

आमचे एकुलते एक शालक, अकोलानिवासी रा. रा. जानरावजी यांस शेषरावाचा सप्रेम नमस्कार.

आपली प्रकृती, आपल्या सौ. दुर्गाबाईंचा गुडघा आणि कपाशीवरची अळी या तिघांचे वर्तमान कळवावे. (पहिली दोन बरी असोत, तिसरी नसो.) कुशल विचारून झाले, आता फिर्याद. गेल्या खेपेस आपण आलात आणि जाताना माझा अडकित्ता घेऊन गेलात. परक्याची वस्तू मातीच्या ढेकळासारखी मानावी असे मी शाळेत मुलांना संस्कृतातून शिकवतो, हे खरे. पण ढेकूळ समजून ती बंडीच्या खिशात घालावी असा अर्थ आजवर एकाही टीकाकाराने लावलेला नाही. सध्या मी सुपारी दाराच्या बिजागरीत फोडतो. त्यामुळे दार लागत नाही, आणि दार लागत नाही म्हणून शेजारचे खुशालराव केव्हाही आत येऊन बसतात. या सगळ्याचे पाप कोणाच्या खाती, ते आपणच ठरवावे.

असो. आमच्या घरी सध्या ससे आहेत. थोरल्या भावाचा भगवंत नागपुरास डॉक्टरी शिकून तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करतो, हे आपणास ठाऊक आहेच. तिथल्या पशुशाळेचे छप्पर पावसाने बसले, तेव्हा ज्याने त्याने आपापली जनावरे घरी न्यावीत असा हुकूम निघाला. भगवंताला घर म्हणजे काकूचे, अर्थात आमचे, घर. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालाने पिंजऱ्यांकडे पाहून, 'मास्तर, लग्नाचं जेवन हाय का?' असे विचारले म्हणतात. तेव्हापासून पोरगा जो घुश्शात आहे तो आहेच.

हे ससे शास्त्रीय आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात, मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीला, चांदीचा बारीक चिमटा लावला आहे. (हे ऐकून तुमची वडील बहीण म्हणाली, 'सशाच्या पोटात चांदी, अन् माह्या पायातले जोडवे घासून राहिले कथलावानी.' मी विषय बदलला.) मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की ते हाकाटी करते आणि साऱ्या अंगात रक्ताचा दाब चढतो. उरलेल्या निम्म्यांचे पोट तसेच फाडून तसेच शिवले, पण चिमटा लावला नाही, तुलनेसाठी. बाहेरून सगळे सारखेच, पोटावर व्रणही सारखाच. ओळख एवढीच की चिमटेवाल्यांच्या कानात लाल शाईचा ठिपका.

दाब चढला की काय बिघडते ते भगवंताने मला मळ्यातल्या पाटावरून समजावले, आणि चांगले समजावले. मोटेचे पाणी जोरात येऊ लागले की पाट फुटू नये म्हणून आपला गडी आतून चिखल लिंपतो. पाट टिकतो, पण अरुंद होतो. अरुंद पाटातून तेवढेच पाणी जायचे तर जोर आणखी लागतो, म्हणून आणखी चिखल. रक्तवाहिनी हेच करते. तिची भिंत जाड होते, कडक होते, आतली वाट बारीक होते, आणि शेवटच्या वाफ्यातले संत्र्याचे झाड सुकते. वाहिनी बिचारी घर सांभाळायलाच झटते आणि त्यातच घर बुडवते. अशी माणसे आपण दोघांनीही पाहिली आहेत, मी नावे घेत नाही.

तर पोळा आला. आपल्याकडे आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असे त्यांना सांगतात, ते सांगून झाले. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरे लाकडी बैल घेऊन निघाली. मी शाळेत होतो आणि भगवंत डाकघरात. परत येऊन पाहतो तो सगळे ससे ओसरीवर रांगेत बसलेले, खांद्यांना हळद-तूप, पुढ्यात पुरणपोळीचा तुकडा, आणि एकूणएक कान शेंड्यापासून मुळापर्यंत हिंगुळाने लालभडक रंगवलेले. शाईचे ठिपके त्या लालीत गडप.

भगवंताने एकेक कान उलटून पाहिला. 'काकू, हे काहून केलं?'

'काहून म्हंजे? जो राबते त्याचा पोळा. बैल वावरात राबते, हे तुह्यासाठी राबून राहिले. लाकडाच्या बैलाले पोळा, अन् या जित्या जीवाईनं काय पाप केलं?'

मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस आहे. यातले एकही वाक्य मला खोडता आले नाही. खुशालराव (उघड्या दारातून) म्हणाले, 'वैनीचं बरोबर हाय,' आणि उरलेली पुरणपोळी घेऊन गेले.

रंग पुसावा तर त्याबरोबर शाईही पुसली जाई. आता उपाय एकच होता. प्रत्येक सशाचा दाब पुन्हा मोजून चिमटेवाले वेगळे काढायचे. सशाच्या कानावर चिमुकली काचेची डबी दाबून तो मोजतात. पण भ्यालेल्या सशाचा दाब उगाच चढतो, आणि भगवंताला पाहून ते सगळेच भीत. शांत राहत ते फक्त आपल्या बहिणीच्या मांडीवर. म्हणून काल ती दिवसभर ओसरीवर मांडी घालून बसली, एकेका सशाला पदराखाली घेऊन 'निज माह्या राज्या' करत राहिली, आणि भगवंताने कान पुसून पुसून मोजणी केली. शास्त्र वाचले. नातेही वाचले.

काम संपल्यावर तिने स्वतःच हात पुढे केला. 'माह्याबी मोज. पाहू दे मी कोन्या पिंजऱ्यातली हाय ते.' आम्ही हसलो. भगवंतही हसत हसतच दंडाला पट्टा बांधू लागला. मग त्याने पारा पाहिला, हवा सोडली आणि दुसरा दंड मागितला.

'काय झालं रे?'

'काई नाई काकू. चहा टाक.'

असो. पत्र लांबले. मुलांना आशीर्वाद.

आपला,
शेषराव

ता. क. अडकित्ता ठेवून घ्या.

आणखी एक. महालक्ष्म्या तीन-चार दिवसांवर आल्या. सोळा भाज्या, आंबील, सगळे ती एकटीने करणार. भगवंत म्हणतो विश्रांती हवी आणि मीठ बंद. आपल्या बहिणीला मीठ बंद हे आपण तरी सांगून पाहा. ती म्हणते देवासाठी सोडीन, भगवंतासाठी सोडणार नाही. तेव्हा दुर्गाबाईंना मिळेल त्या गाडीने पाठवा. गुडघा दुखत असला तरी पाठवा. स्वयंपाकघर त्यांनी आपल्या हाती घ्यावे आणि कारण विचारले तर गौरींचे सांगावे. माझे नाव नको.

आणखी. सशांच्या वाहिन्यांच्या भिंती जाड झाल्या का, ते शेवटी त्यांना उघडून पाहतात. हे तिला सांगितलेले नाही. आपणही सांगू नका. तिच्या भिंती मात्र कोणाला पाहता येणार नाहीत. चिमटा काढला तर भिंत पूर्ववत होते का, असे मी भगवंताला विचारले. तो म्हणाला, लवकर काढला तर दाब उतरतो, भिंतही थोडी सावरते. लवकर म्हणजे किती, ते माणसाच्या बाबतीत त्याला ठाऊक नाही. तिचे डोके केव्हापासून दुखते ते मला नीट सांगता येईना. तिला विचारले, तर म्हणाली, 'दुखतेच ना डोकं, त्याचं काय एवढं.' आज हरतालिका. माझ्या आयुष्यासाठी ती सकाळपासून निर्जळ आहे, आत उद्याच्या चतुर्थीसाठी भिजवलेल्या डाळी वाटते आहे, आणि मी इथे ओसरीवर बसून तिला पाणी पी म्हणायचे कसे याचा विचार करतो आहे. जानराव, मला भीती वाटते.