सर्जेराव एका जागी बसत नाहीत

वरकुटे, ८ जानेवारी २०२५

चि. ऋषिराजला अक्काचे अ. उ. आ.

तुला फोन केला की मागं हार्वेस्टर घरघरतो आणि तू नुसता व्हय व्हय म्हणतोस. म्हणून कागद धाडतेय. खिशात ठेव, पाठीवर पोरींचे नंबर लिहू नकोस.

दादा जातो त्या बारामतीच्या दिव्यांगांच्या केंद्रातून अप्पांना चिठ्ठी आलीय. पाच महिने झाले, सर्जेराव एका जागी बसत नाही, दिवसभर फिरतो, दुसऱ्यांपुढच्या वस्तू हलवतो. सोळा तारखेला येऊन सही करा, म्हणजे जागा दुसऱ्याला देता येईल. तिथल्या समिना मॅडम वाईट नाहीत रे, चाळीस माणसं आणि सांभाळणारे तीन. पण अप्पा एका पायावर तयार आहेत. म्हणतात, चौतीस वर्षांच्या बाप्याला रोज गाडीत घालून धाडायचं, आणि तो तितं नुसता हिंडतो.

घरी राहिला की काय, ते तुला ठाऊक आहे. आई-अप्पा रानात, दादा खोलीत, बाहेरून कडी. वीस वर्षं तेच चाललं, आणि आपण दोघं गप्प बसलो. आता मी बसणार नाही. डॉक्टरांनी माझा प्रवास बंद केलाय, दिवस भरत आलेत. तू जा. वाटेत कुठं थांबू नकोस.

रागावलास तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझी अक्का

सोमेश्वरनगर, ११ जानेवारी

ती. अक्काला शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून टाळकं सरकलं. बसत न्हाय म्हणून काढणार? मग मला किती ठिकाणनं काढायला पायजे! गॅरेज, चिकनचं दुकान, मंडपवाला, बोअरची गाडी, आता हे मशीन. मला लोक म्हणतात, पोरगं हुशार हाय, फक्त पाय टिकत न्हाय. दादाचा पाय टिकला न्हाय तर त्याला चिठ्ठी?

हितं बिरू म्हणून एक गडी हाय. त्याची शेळी उसाच्या ट्रॉलीत झोपली, ती थेट कारखान्याच्या काट्यावर वजनाला गेली. ती उसात धरली का न्हाय यावर दोन दिवस भांडण चाललंय. मी काय सांगत होतो? हां. सही होणार न्हाय. अप्पांचा हात धरीन. लईच झालं तर दादाला माझ्यासंग मशीनवर घेऊन फिरीन.

तब्येतीला जप. राग आला तर माझ्यावर काढ, दाजींना सोड.

तुझा ऋषी

पिंपळी, १८ जानेवारी

ती. अक्काला शि. सा. न. वि. वि.

आधी कबूल करतो, घोटाळा माझ्यानंच झाला.

वेळेवर गेलो, खरंच. मॅडमनी अप्पांना आणि मला हॉलच्या दारात उभं केलं आणि म्हणाल्या, तुम्हीच बघा. माणसं सतरंजीच्या पट्ट्यांवर ओळीनं बसून कागदी पिशव्या चिकटवत होती. दादा दोन ओळींच्या मधनं पार शेवटापर्यंत जायचा, तितं घटकाभर खाली बघायचा, माघारी यायचा, आणि ओळीच्या तोंडाशी असलेला पिशव्यांचा गठ्ठा उचलून पुढच्या ओळीच्या तोंडाशी ठेवायचा. मग ती ओळ. मॅडम म्हणाल्या, दिवसभर हेच, कुणाचं किती झालं काही कळत नाही.

मला काय सुधरेना. अप्पा पेन उघडून तसेच उभे. मग हळूच म्हणाले की ह्यो दारं धरतोय.

अक्का, उसाला पाणी देताना करत्यात अगदी तसंच! सरीचं पाणी शेवटाला पोचलं का बघायचं, माघारी यायचं, तिचं तोंड बुजवायचं, पुढचीचं फोडायचं. चाल पण अप्पांचीच, मान खाली घालून. त्याला रानात कधी कुणी नेलं न्हाय. खोलीच्या खिडकीतनं बघत आला असंल. आणि पाणी पोचल्याबिगर एकदा पण पुढचं तोंड फोडलं न्हाय त्यानं.

मला असा चेव आला की ओरडलोच, मॅडम, तो हिंडत न्हाय, काम करतोय! मॅडम म्हणाल्या, मग तर बरंच झालं, घरच्या रानात उपयोगी पडेल.

माझा धोंडा माझ्याच पायावर.

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले की बाई, पाणी द्यायला मी हाय अजून. रानात ह्याच्याशी बोलणार कोण, ऊस? हितं ह्यो जवळ आला की निम्मी माणसं खुलून हसत्यात, मी आत्ता बघितलं. कामाचा हाय म्हणून ठेवू नका, आन् बसत न्हाय म्हणून काढू बी नका. जागा त्याची हाय, त्यो येणार.

मॅडम म्हणाल्या, संस्थेला विचारावं लागेल. अप्पा म्हणाले, इचारा, आणि भिंतीला टेकून खालीच बसले. मी पण. काल भाकरी बांधून आई पण आली. आज तिसरा दिवस. दादानं आमची तिघांची एक ओळ धरली, आमच्या तोंडाशी पण गठ्ठा आणून ठेवला. उत्तर अजून न्हाय. हार्वेस्टरवाल्याचा फोन मी उचलत न्हाय.

दाजींना नमस्कार. आमच्यासाठी जरा देवाला दरडाव.

तुझा ऋषी

वरकुटे, २२ जानेवारी

चि. ऋषिराजला अ. उ. आ.

तू तीन दिवस एका जागी बसलास म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, पोराची दृष्ट काढा. अप्पांचं बोलणं मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

संस्था नाही म्हणाली तर लगेच कळव. डॉक्टर गेला खड्ड्यात. पोट घेऊन येईन आणि त्याच भिंतीला टेकेन. बघू कोण उठवतं.

आईला सांभाळ, माझ्यावर जीव असू दे.

तुझी अक्का

पिंपळी, २ फेब्रुवारी

ती. अक्काला शि. सा. न. वि. वि.

यायचं काम न्हाय, घरीच पड. दादा राहिला! सतरंज्या आता लांब लांब अंथरल्यात, मधनं माणूस चालेल एवढ्या. गठ्ठे दोन असतात, एक मोजायचा, एक दादाचा. मॅडम अजून घुश्शात हायत. असू देत.

काल टपरीवर विजयसिंहतात्यांनी अप्पांना खवचटपणे इचारलं की सर्ज्या तितं दिवसभर करतो तरी काय. अप्पा म्हणाले की तात्या, तुमी सकाळधरनं हितं बसलाय, तुमाला कुणी इचारलं का? सगळी टपरी हसली. अप्पा हसले न्हाईत. पाचला गाडी आली तसे उठले, सगळ्यांदेखत रस्त्यावर जाऊन उभे राहिले, आणि आजवर घरात ज्याला नुसतं सर्ज्या म्हणत आले त्याच्यासाठी ड्रायव्हरला मोठ्यांदा इचारलं, की आमचे सर्जेराव आलेत का.

बाळाला मामाची पप्पी, आधीच. अक्का, असाच जीव लाव.

तुझा ऋषी