वरकुट्याच्या तळ्यावर मरळ कुणी धरली

अहो,

'प्रिय' असं लिहायची आपल्यात रीत नाही, आणि नावानं हाक मारायची तर नाहीच नाही. तेव्हा 'अहो'वर भागवून घ्या. तुम्ही गेल्याला पाच महिने झाले. इतक्या दिवसांत तुम्हाला काही लिहावं असं मनात आलं नव्हतं. पण परवा सुभेदार आबा घरी आले आणि ओसरीवर बसून असं काही बोलले, की आता मला गप्प बसवत नाही.

अहो, तुमच्या नावानं बक्षीस लावतायत! आणि कशाचं? मासे धरण्याचं! पौषात तळ्यावर पुन्हा गळाची शर्यत भरवणार, आणि सगळ्यात मोठा मासा काढील त्याला तुमच्या नावाची ढाल. "तालुक्यात गळ टाकावा तर त्यानंच!" असं म्हणून आबांनी डोळे पुसले. मी दाराआड तोंडाला पदर लावला. शेजारच्या बायकांना वाटलं, रडतेय.

तुम्ही आणि मासे! सात वर्षांच्या संसारात तुमच्या गळाला काय काय लागलं, सांगू? बाभळीची फांदी. कुणाची तरी एक पायातली वहाण. एक बेडूक, तोही तुम्ही माफी मागून सोडलात. आणि एकदा खुद्द सुभेदार आबांचं पागोटं. मासा म्हणाल तर बोटाएवढा एक, त्याला बघून तुम्हीच म्हणालात, "लहान हाय अजून, जाऊ दे."

हा नाद तुम्हाला माझ्याच माहेरानं लावला. पहिल्या दिवाळीला भीमाकाठी आलात, माझ्या बापानं हातात काठी दिली, आणि तिथून तुम्ही कामातून गेलात. मी आठ वर्षांची असल्यापासून बापाशेजारी गळ टाकत होते. पण तुमच्या घरी आले आणि तुमच्या आईच्या, आत्याबाईंच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली, तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. माळकऱ्याच्या घरात सून मासे धरणारी? कोण हातचं पाणी तरी पिईल? माहेरी गेलो की पहाटे आपण दोघं नदीवर जायचो, तेवढंच. "आत्याबाईंस्नी कळू देऊ नका," असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही गळ्याला हात लावून शपथ घेतली होती. आठवतंय का? मला चांगलं आठवतंय!

तुमच्या काठीचं मात्र आत्याबाईंना काही वाटायचं नाही. कुणी बोललंच तर म्हणायच्या, "बसू दे की. आणतो कुठं काय?"

मग सुभेदार आबा पलटणीतून कायमचे घरी आले. तिकडं साहेब लोक शर्यत लावून मासे धरताना त्यांनी बघितलं होतं. झालं! वरकुट्याच्या पलीकडच्या तळ्यावर खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना नंबर लावले, शिट्टीवर गळ टाकायचा, शिट्टीवर काढायचा, ज्याचं नाव लिहिलं त्यानंच काठी धरायची. पहिलं बक्षीस एक स्टो. पितळी, पंप मारायचा. तो स्टो मी आबांच्या ओसरीवर बघितला आणि माझा जीव त्यात अडकला, हे मी तुमच्यापासून कधी लपवलं नाही. ओल्या पऱ्हाट्या फुंकून फुंकून आत्याबाईंचे आणि माझे डोळे कायम सुजलेले असायचे.

आणि तुम्ही म्हणालात, "आणतो की तुला स्टो." केवढ्या तोऱ्यात!

शर्यतीच्या दिवशी काय हवा होती! पहाटेपासून बोचरा वारा, वर भुरभुर पाऊस, थांबायचं नाव नाही. आपल्या वांग्यांची पानं करपून काळी पडली होती. बावीस जणांनी नावं दिली होती. मी दुपारी भाकरी घेऊन आले तेव्हा तळ्यावर नऊजण उरले होते. त्यातले आठ शहाण्यासारखे कुडकुडत होते. तुम्ही तेवढे डोक्यावर घोंगडी घेऊन हसत बसला होता.

"चला घरी," मी म्हटलं.

"शिट्टीला दीड तास हाय अजून."

"आवो, असल्या गारठ्यात मासा त्वांड उघडत न्हाय! हात बघा, वांग्यावानी निळं पडल्यात."

"तू जा हो पुढं. मी बसतो."

आणि गळाला काय लावलंत? कणकेची गोळी! आणि बूच असं बांधलं होतंत, की गोळी पाण्याच्या मधोमध लोंबत होती. थंडीत मासा तळाला चिखलाशी बसतो, हे माझ्या बापानं तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल? तुम्ही मान हलवायचात आणि विसरायचात.

शेजारच्या खुंटीवर सुप्याचे एक म्हातारे होते, लेकीकडं आले होते म्हणून शर्यतीला बसले होते. ते अचानक थरथरायला लागले. दात वाजत होते, हातातली काठी गळून पडली. सगळ्यांनी बघितलं. उठलात तुम्ही एकटे. डोक्यावरची घोंगडी त्यांच्या अंगावर घातलीत आणि त्यांना धरून मारुतीच्या देवळात शेकोटीपाशी घेऊन निघालात. जाता जाता मला म्हणालात, "काठीकडं बघ जरा. नुसतं बघ. हात लावू नगंस, नियम हाय."

नुसतं बघ! मला! त्या लोंबणाऱ्या गोळीकडं!

मी थोडा वेळ बघितलं. मग गळ वर काढला, गोळी फेकली, काठावरचा दगड उलटून एक गांडूळ लावलं, बूच हातभर वर सरकवलं आणि लव्हाळ्याच्या कडेला गळ टाकला. पाऊस डोळ्यांत जात होता. तळ्यात कुठं काही हालचाल नव्हती. बोटं बधिर झाली, मग मनगटं. आणि बूच हललं. बुडालं नाही, नुसतं आडवं चालायला लागलं. मी श्वास धरला. बापाचा शब्द होता, मरळ आधी तोंडात धरून फिरते, गिळू द्यावं. दहा आकडे मोजले आणि झटका दिला.

पुढचं काय सांगू? काठी कमान झाली. मी लुगड्यासकट मांडीभर पाण्यात उतरले. दोनदा ती लव्हाळ्यात शिरली, दोनदा मी वळवली. शेवटी दोन्ही हातांनी कवटाळून काठावर पडले, तेव्हा मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही. बाकीचे लांब होते, माना गुडघ्यांत घालून बसलेले. कुणी बघितलं नव्हतं.

तुम्ही आलात. मी म्हटलं, "धरा ही. तुमीच धरली."

तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत. मला वाटलं, कबूल झालात.

तराजूत मरळ पावणेचार शेर भरली. दुसऱ्या नंबरचा मासा दीड शेरालाही कमी. सुभेदार आबांनी तुमचं नाव पुकारलं, स्टो पुढं केला. फक्त हात पुढं करायचा होता हो! तुम्ही हात मागं बांधून उभे.

"आबा, ह्यो मासा म्या न्हाय धरला."

"मग कुणी?"

"हिनं."

सगळ्या तळ्यावर हसण्याची लाट आली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आबा हसले नाहीत. मला म्हणाले, "खरं का, सूनबाई?" मी मान खाली घातली. खोटं बोलायलाही तुम्ही जागा ठेवली नव्हतीत. आबांनी वहीत तुमच्या नावावर काट मारली. "नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. बाद. नियम म्हंजे नियम." स्टो दीड शेरवाल्याच्या बगलेत गेला.

एवढ्यावर भागलं का? नाही! मरळ तुम्ही सुप्याच्या म्हाताऱ्यांना देऊन टाकलीत, "गरम कालवण प्या, अंगात ऊब येईल" म्हणून. घोंगडी त्यांच्या अंगावर होतीच, ती मागायची तुम्हाला लाज वाटली. स्टो गेला, मासा गेला, घोंगडी गेली. आणि माझी सहा वर्षं झाकलेली गोष्ट गावभर झाली.

वाटेनं मी काय काय बोलले तुम्हाला! पावसात, चिखलात, ओल्या लुगड्यानं. तुम्ही नुसते ऐकत चालला होता. शेवटी म्हणालात, "देवळाच्या पायरीवरनं मी सगळं बघितलं. मासा वर आला तवा तुजं त्वांड कसं झालं हुतं! ते माज्या नावावर कसं घालू सांग."

"मला नाव नगं हुतं, स्टो पायजे हुता!" मी ओरडले. आणि मग ते बोलून गेले. "तुमी मुकं असता तर माजा संसार सुखाचा झाला असता."

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आत्याबाईंनी परसात तीन दगड मांडले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं स्वतः रांधून खायला लागल्या. तुम्ही म्हणालात, "हुईल चार दिसांत नीट." चार दिवस! दीड वर्ष झालं. तुमच्या आजारपणात एका खाटेच्या दोन बाजूंना आम्ही दोघी रात्रंदिवस बसलो, आणि जेवायची वेळ झाली की दोन चुलींचा धूर निघायचा.

विषमज्वरात शेवटचे चार दिवस तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी कानाशी वाकून म्हणत होते, बोला काहीतरी. काहीही बोला, गावभर सांगा, काय सांगायचं ते सांगा. माझं ते वाटेवरचं बोलणं देवानं एवढं मनावर का घ्यावं? तुमचं एवढं कधी ऐकलं नाही त्यानं!

असो. परवाचं सांगत होते.

आबा म्हणाले, "ढालीवर काय लिवायचं? ती मोठी मरळ त्यानंच धरली हुती न्हवं? तवा म्या बाद केली, पर आता त्याच्या नावावर मांडू. गेलेल्या मानसाला नियम नसतो."

मी काही म्हणणार, तेवढ्यात परसातून आवाज आला. "व्हय का सुभेदार? माजं प्वार जल्मात खोटं बोललं न्हाय, आन् आता मेल्यावर त्याला खोटं पाडता व्हय?" आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हाताला राख. "मरळ माज्या सुनंनं धरली. त्यानं सांगितलंय तसंच लिवा."

आत्याबाई परत आपल्या तीन दगडांपाशी जाऊन बसल्या. चूल अजून वेगळीच आहे, उगाच तुम्हाला गोड सांगत नाही. पण संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून मीठ मागून घेतलं.

आबा ओसरीवर होते तेव्हाच माझ्यात कुठून धीर आला कोण जाणे. मी आबांना म्हटलं, ढाल लावायची तर लावा, पण मोठ्या माशाला नको. ते त्यांना शोभायचं नाही, लोक हसतील. शेवटच्या शिट्टीपर्यंत जो बसून राहील, आणि ज्याच्या गळाला काहीच लागणार नाही, त्याला द्या. आबांनी बराच वेळ मिशा ओढल्या. मग वही उघडली आणि तसंच लिहून घेतलं. लिहिता लिहिता विचारलं, "आन् तुजं नाव घालू का गं, पोरी?"

घातलंय त्यांनी. खुंटी नंबर सात. लोक काय म्हणतील ते म्हणोत, विधवा बाई तळ्यावर बसली म्हणून. तुम्ही एकदा सगळं बोलून ठेवलंयत, आता झाकायला माझ्यापाशी उरलंय काय?

तेव्हा एवढं वचन घ्या. पाऊस असो, वारा असो, मी शिट्टीपर्यंत बसेन. तळाशी गळ टाकेन, गांडूळ लावेन आणि जे येईल ते माझ्या नावावर तोलून घेईन. तुमच्या नावाची ढाल मात्र मला कधी मिळणार नाही.

तुमची,
यमुना