फाटकाबाहेरचा माणूस

दोंदों,
१२ जानेवारी १९८९

प्रिय ओस्नेलदादा,

देवाच्या दयेने आम्ही बऱ्या आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण जीभ ठणठणीत आहे. नव्या वर्षाच्या भोपळ्याच्या सूपमधून तुझी वाटी काढून ठेवली होती, शेवटी मीच प्यायले. शहरात तुझं शिवणकाम कसं चाललंय?

मंगळवारी एक पाहुणा आला होता. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. फाटकाशी “मान!” अशी पाहुण्याची हाक आली. आवाज ओळखला आणि ओठांवर आलेलं “आदर!” हे रीतीचं उत्तर मी गिळलं. तूच बजावलं होतंस ना, बाबा आले तर घरातून शब्द निघता कामा नये?

उत्तराशिवाय आत यायचं नाही, एवढी रीत त्यांनी पाळली. उन्हात उभे राहून हाका मारत होते. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

शेजारून फिलोमिझमावशी ओरडली, “काय गं, दातखीळ बसली का? करवसुलीवाल्यालाही या घरातून ओ मिळते!”

तेवढ्यात आई ओढ्यावरून आली. त्यांच्याकडे न बघता घरात शिरली, डोक्यावरची पाटी उतरवली आणि आतून खणखणीत म्हणाली, “आदर!”

खुर्ची दिली, कॉफी दिली. कप रिकामा होताच सुरू झाली. “पोरं तापाने फणफणत होती तेव्हा कुठं उलथला होतास? ओस्नेलची शाळा कुणामुळे सुटली? बोल!” अर्धा गाव कुंपणाशी जमला. बाबा मान खाली घालून “माझंच चुकलं” म्हणत राहिले. मुक्कामाला तिने ठेवून घेतलं नाही.

नंतर मी विचारलं, “एवढं सुनावायचंच होतं, तर आदर कशाला?”

“शेळीने मका खाल्ला तर तिला जाब विचारते का मी? हाकलते. जाब माणसाला विचारायचा असतो, तोही खुर्ची देऊन.”

दादा, मला वाटायचं, आदर ही चांगल्या वागण्याची मजुरी. आईच्या लेखी तो आधीच देऊन टाकायचा असतो. क्षमा तिने केलेली नाही.

आता टाळत होते ते लिहिते. निघताना त्यांनी तुझा पत्ता मागितला आणि मी दिला. पत्राच्या मागोमाग ते तुझ्या दारात उभे असतील. माझ्यावर हवा तेवढा चीड. त्यांना शिव्या दे, परत पाठव. पण कुणी आलंच नाही असं दाखवून मशीन चालवत बसू नकोस. मी तसं वागले, त्याची मला अजून लाज वाटते.

तुझी बहीण, आणि काही केलं तरी त्यांची मुलगी,
मिर्लांद