मागच्या खोलीचा गिलावा

५ डिसेंबर, पहाटे (म्हणजे आठ)
आजपासून रोज लिहिणार. डिसिप्लिन.
ताई बाळाला घेऊन येतेय, अख्खा हिवाळा इथे. बाळाला सारखा खोकला. डॉक्टर म्हणालेत, खोली कोरडी आणि उबदार पाहिजे. आमची मागची खोली कोरडी आहे, पण बर्फासारखी गार. आत्याकडे पक्कं घर, हीटर. आत्या फोनवर आईला म्हणाली, वहिनी, नातवाला माझ्याकडेच राहू दे, तुमच्याकडे वारासुद्धा घरातूनच ये-जा करतो. आईने फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.
मी म्हटलं, आई, खोली माझ्यावर सोड. आई म्हणाली, तीच तर भीती आहे.
जोक होता बहुतेक.

६ डिसेंबर
रिसर्च कम्प्लीट. भिंतींना आतून माती आणि काडाचा जाड गिलावा. नॅचरल इन्सुलेशन. व्हिडिओतला माणूस चक्क टी-शर्टवर होता, म्हणजे खोली किती उबदार झाली असेल!
बाबा म्हणाले, साहेब, आधी लाकडं फोडा, पाइपला गोणपाट गुंडाळा, गोठ्याचा पत्रा ठोका. ही सगळी मेंटेनन्सची कामं. मी सध्या प्रोजेक्टवर आहे.

८ डिसेंबर
माती तुडवली. गारठ्याने गुडघ्याच्या खाली काय चाललंय ते कळत नव्हतं. पाइप गोठून फुटला, त्यामुळे पाणी भरपूर मिळालं. प्रत्येक गोष्टीत पॉझिटिव्ह शोधावं.
गोठ्यातलं काड काळं पडलेलं. पण माळ्यावर काय सुंदर पेंढ्या! सोनेरी, स्वच्छ, ओंब्यांसकट वेगळ्या बांधून ठेवलेल्या. कोणीतरी वापरायला विसरलं असणार. सगळ्या घेतल्या.

१० डिसेंबर
चारही भिंती डन. बाबांनी बोट लावून बघितलं. बोट आत गेलं. वाळणार कधी, म्हणाले. मी म्हटलं, नॅचरली.
आई म्हणाली, खोलीत एक गोष्ट बरी होती, कोरडी होती. मी प्रोसेस समजावली. ती ऐकता ऐकता भाजी निवडत होती. भाजी संपली, प्रोसेस राहिली.

१३ डिसेंबर
वाळत नाहीये. बाहेर सगळीकडे दंव. दोष हवामानाचा.
सोल्यूशन: लोखंडी शेगडी खोलीत, धुराचं नळकांडं खिडकीतून बाहेर. बाकी सगळ्या फटी चिंध्या कोंबून बंद. ऊब एक थेंबही बाहेर जाता कामा नये.

१६ डिसेंबर
ऊब बाहेर गेली नाही. पाणीही नाही. भिंतीवरून ओघळ, छतावरून टपटप. आई आत डोकावली, तिच्या चष्म्यावर वाफ. म्हणाली, आंघोळीला झकास आहे.
सुकी लाकडं संपत आली. बाबांनी हिवाळाभराची म्हणून रचली होती. इन्व्हेस्टमेंट आहे, असं समजावलं. बाबा कुऱ्हाड घेऊन निघून गेले. लाकडं फोडायला. मला तसं वाटलं तरी.

१९ डिसेंबर
पूर्वेच्या भिंतीवर हिरवे ठिपके! काहीतरी केमिकल रिअॅक्शन. व्हिडिओत हे नव्हतं. आपण व्हिडिओच्या पुढे गेलोय.

२० डिसेंबर
ठिपके नाहीत. कोंब आहेत. गहू आलाय. चारही भिंतींवर.
बाबांना दाखवलं. त्यांनी एक कोंब उपटून बघितला. मग शिडी चढून माळ्यावर गेले. खाली आले. एवढंच म्हणाले, बियाणं होतं ते.
ओरडले असते तर निदान माझी बाजू मांडता आली असती.

२१ डिसेंबर
बाबांनी शेळी खोलीत आणून सोडली. मी म्हटलं, बाबा, गिलावा! ते म्हणाले, कोणाच्या तरी पोटात जाऊ दे. शेळीने पूर्वेची भिंत मातीसकट खाल्ली. तिला आवडली. पहिला चांगला फीडबॅक.

२३ डिसेंबर
ताई आली. बाळ अगदी एवढंसं, टोपीच जास्त. ताई खोलीच्या दारातच थांबली. म्हणाली, गधड्या, हे काय? मी म्हटलं, नव्वद टक्के झालंय. ती म्हणाली, उरलेल्या दहा टक्क्यांत झोपवू का बाळाला?
आई घाईघाईने म्हणाली, आपण स्वयंपाकघरात झोपू, चुलीपाशी, मस्त ऊब असते.

२४ डिसेंबर
मस्त नव्हती. सुकी लाकडं मी संपवली. ओली पेटत नाहीत, नुसती धुमसतात. बाळ खोकत राहिलं. आई पदराने वारा घालत बसली, धूर तिकडून इकडे, इकडून तिकडे. मी विचारलं, काही मदत? आई, बाबा, ताई, तिघंही नको म्हणाले. एकदम.

२६ डिसेंबर
आत्या गाडी घेऊन आली. खोली बघितली. म्हणाली, अगं वहिनी, घरात शेती करायची होती तर सांगायचं, खत पाठवलं असतं.
मी आईकडे बघितलं. आत्याला आई कधीच उधार ठेवत नाही. आज मात्र बाळाचे लंगोट घडी करून पिशवीत भरत राहिली. एक घडी चुकली, ती उलगडून परत केली.
ताई-बाळाला घेऊन गाडी वळेपर्यंत बाबा फाटक धरून उभे होते. फाटक तसं आपोआप उघडंच राहतं.

९ जानेवारी
भिंत वाळली!! वाजवली तर टणटण आवाज. वारा पडलाय, ऊन आलंय, बस. म्हणजे मेथड बरोबर होती, टायमिंग थोडं इकडेतिकडे.
आईला ओढत आणलं. तिने भिंतीवर हात फिरवला. शेळीने खाल्लेल्या जागेवरूनही. म्हणाली, छान झाली रे खोली. आणि तिथेच खाली बसली.
मला वाटलं, आता उठेल. उठली नाही. मग मीही बसलो.
खोली गारच आहे तशी.