पडवीतले ठिपके

बाबा, काल मुलांना ऑफिसचं काम दिलं. चंद्रपूरच्या ज्या कॉलेजात मी इंटिरियर डिझाईन शिकले, तिथेच आता आठवड्यातून एक दिवस शिकवायला जाते. हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीच शोधत होते. काम तेच, जे शेवटच्या वर्षी आम्हाला होतं. एक खरी जागा निवडा, जिथे माणसं डोक्यातून काहीतरी नवं काढतात, आणि त्यांच्यासाठी ऑफिस आखून द्या. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सुरुवात कुठून करायची?" मी आमच्या सरांचंच उत्तर दिलं. एक अख्खा दिवस त्या जागेत बसून राहायचं. कोणी कुठे पाच मिनिटांच्या वर बसलं किंवा उभं राहिलं, की नकाशावर तिथे एक ठिपका द्यायचा. संध्याकाळी ठिपकेच सांगतात, ही जागा कशाची आहे ते. मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. मी घरी आले, माळ्यावरून जुन्या कागदांची नळी काढली आणि माझा नकाशा उलगडला. बारा वर्षं गुंडाळलेला कागद सरळ राहत नाही, म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आहेत आणि शेजारी बसून हे लिहिते आहे.

आमच्या वर्गातल्या सगळ्यांनी पुण्या-मुंबईच्या जाहिरात कंपन्या घेतल्या होत्या, त्यातली एकही कोणी पाहिलेली नव्हती. मी सरांना म्हटलं, माझे वडील वडशाला नाटक कंपनीच्या ऑफिसात पडदे रंगवतात, ते ऑफिस चालेल का? सर खुर्चीतून पुढे झुकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काहीतरी म्हणाले आणि वर्गाला माझं उदाहरण दिलं. मला त्याचा आनंद झाला आणि लगेच थोडी काळजीही वाटली, कारण आता सर जागा पाहायला येतील, हे लक्षात आलं. सर कधीच आले नाहीत. पण ती काळजी मी सोबत घेऊनच दिवाळीच्या सुट्टीत चांदा फोर्ट स्टेशनहून गाडीत बसले.

दिवाळी झाली की वडशाचा मेन रोड बदलतो. एरवी तिथे भातगिरण्यांचा कोंडा उडत असतो. दिवाळीनंतर त्याच रस्त्यावर नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात, दारांवर नट-नट्यांचे मोठाले फोटो लागतात, आणि गावोगावची मंडळं जीप करून नाटक ठरवायला येतात. तुमच्या कंपनीचं ऑफिस म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे मॅनेजरचं टेबल, मध्ये सतरंजी, एका भिंतीला बाकं. दुपारी बाकं बाहेर काढायची की त्याच सतरंजीवर तालीम सुरू. आणि मागच्या दाराबाहेर उत्तरेकडची पडवी, तुमची. तिथे मांजरपाटाचा पडदा बांबूवर ताणलेला असायचा, स्टोव्हवर रंगात घालायचा सरस उकळत असायचा, आणि ओळीनं नारळाच्या करवंट्यांत पावडरचे रंग. त्या सरसाचा वास मी लहानपणापासून ओळखते. चामडं आणि हाडं उकळल्याचा वास तो, दुसरं काय असणार. तुमच्या सदऱ्याला यायचा, जेवताना लाखोळीच्या डाळीतसुद्धा यायचा, आणि शाळेत माझ्या दप्तराला येतो म्हणून एक मुलगी माझ्याशेजारी बसत नसे. हे मी तेव्हा घरी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आपण दोघांनी जागा मोजली. टेपचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या. तुम्ही भिंतीला टोक इतकं घट्ट दाबून धरायचात की जणू मी हलले तर भिंतच माझ्याबरोबर येईल. मी आकडे लिहिते आहे, आणि तुम्ही म्हणता, "दारं मोजली का? दार आतल्या बाजूनं उघडते, तं तेवढी जागा गेली ना." ते मी खरंच विसरले होते. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून कोपऱ्यात बसले आणि ठिपके देत राहिले. मॅनेजरसमोर मंडळाची माणसं बसतात, ठिपका. लेखक खिडकीशी उभा राहून संवाद बदलतो, ठिपका. मग दहा-अकराच्या सुमारास चिमूरकडचं एक मंडळ आलं. मॅनेजर नव्या नाटकाची तारीफ करत होता, नायिका कोण, कॉमेडी कोणाची, सगळं. त्यातला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा ते सगळं ऐकून घेतो, उठतो, आणि सरळ मागच्या दारानं तुमच्या पडवीत जातो. त्याच्यामागे बाकीचे. तुम्ही राजवाड्याच्या पडद्याचे खांब रंगवत होतात. म्हाताऱ्यानं बोट लावून पाहिलं, बोटाला निळा रंग लागला, आणि तो तिथूनच मॅनेजरला ओरडून म्हणाला, "ओलं आहे भाऊ. धरा आमची तारीख."

दुपारी मी तुम्हाला विचारलं, हे काय होतं? तुम्ही ब्रश झटकत म्हणालात, "मॅनेजरचं का, तो तं दरसाल नवीन नाटक म्हणूनच सांगते. जुन्याले नवं नाव देते. पण पडदा ओला असला म्हणजे नाटक खरंच नवीन आहे, हे लोकाइले मालूम आहे. म्हणून आंधी इथी येतेत." त्या दिवशी आणखी दोन मंडळं आली आणि दोन्ही पडवीत गेली. तालमीतले नट चहा प्यायला तिथेच आले. लेखकही आला, पडद्यावरचा राजवाडा पाहून त्यानं एक प्रवेश बदलला. संध्याकाळी माझ्या कागदावर मॅनेजरच्या टेबलाशी नऊ ठिपके होते आणि पडवीत चौतीस.

सरांच्या पद्धतीनं पाहिलं तर पुढचं काम सोपं होतं. ऑफिस पडवीभोवती उभं करायचं. आज एखाद्या मुलीनं असा कागद आणला तर मी तिला दोन मिनिटांत हे सांगेन. मी काय केलं, तर हॉस्टेलला परत येऊन मासिकांतून फोटो कापले आणि मूड बोर्ड केला. पांढऱ्या भिंती, काचेचं पार्टिशन, रंगीत पिशव्यांसारख्या खुर्च्या, मागे 'विचार कट्टा' नावाची जागा, तिथे कृत्रिम गवत. तो कट्टा बरोबर तुमच्या पडवीत येत होता. पडवी बंद केली, एसी दाखवला, मागचं दार काढून टाकलं. नकाशा देखणा झाला. रेघा मारायला माझा हात चांगला आहे, तो तुमच्याकडूनच आलेला आहे. फायनलच्या आधी मी सगळं गुंडाळून पुन्हा वडशाला आले, मॅनेजरला मॉडेल दाखवायचं होतं म्हणून.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी टाकत होती आणि तुम्ही पाटावर बसून नकाशा मांडीवर घेतलात. चष्मा वर करून, नाक कागदाला लावून, एकेक अक्षर वाचत होतात. आई म्हणाली, "जेवून घ्या आंधी, कागद कुठी पळून जाते का?" तुम्ही हूं केलंत. तुमचं बोट मॅनेजरच्या टेबलापासून निघालं, सतरंजीच्या जागी जिथे मी खुर्च्या काढल्या होत्या तिथून गेलं, कट्ट्यावर आलं, आणि थांबलं. मग तुम्ही विचारलंत, "अन् मी कुठी आहो यात?"

आवाजात राग नव्हता. स्टेशनवर आपला डबा कुठे लागेल असं विचारतात, तसं विचारलंत. मी म्हणाले, "राहून गेलं बाबा." तुम्ही नकाशा कडेला कड लावून गुंडाळून माझ्याकडे दिलात आणि म्हणालात, "राह्यते बापू. घाईत राह्यते."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर सनबोर्डचं मॉडेल ठेवलं. नट, लेखक, सगळे भोवती जमले. मॅनेजर खुळ्यासारखा खूश झाला, नव्याची नवलाई म्हणतात तशी. योगायोगानं तो पांढऱ्या मिशांचा म्हातारा आलेला होता, त्याच्या मंडळाला तारीख बदलून हवी होती. त्यानं मॉडेलच्या छपरातून आत डोकावून पाहिलं, सगळीकडून पाहिलं, आणि विचारलं, "आन पेंटर कुठी बसते? पडदा कुठी दिसन आमाले?" मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही दारात उभे होतात, हाताला रंग तसाच. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी आता घरीच रंगवून राह्यलो. अंगण मोठं आहे आमचं. इथी काऊन वास कराचा?" तुम्ही त्या क्षणापर्यंत एकही पडदा घरी रंगवलेला नव्हता. मॅनेजरलाही ही बातमीच होती. म्हातारा म्हणाला, "असं का," आणि तारखेचं बोलू लागला.

फायनलला परीक्षकांच्या ज्युरीनं माझं कौतुक केलं. बाहेरून आलेल्या एका बाईंनी एवढंच विचारलं की या ऑफिसात प्रत्यक्ष काम कुठे होतं. मी म्हणाले, सगळीकडे. सगळे हसले, मीही हसले, आणि वर्गात माझा पहिला नंबर आला. विद्यार्थ्यांची मॉडेलं ज्युरी झाली की भंगारात जातात, माझंही गेलं असतं. पण मॅनेजरनं ते मागून घेतलं होतं, आणि पुढच्या सीझनच्या आधी त्यानं त्यातलं त्याला झेपलं तेवढं केलं. काच केली, पडवी प्लायवूडनं बंद केली, एसी बसवला. गवत मात्र नाही आणलं. तुम्ही खरोखर घरी रंगवू लागलात.

अंगणात रंग नीट बसत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. उत्तरेच्या सावलीत सरस हळू वाळतो आणि रंग धरून ठेवतो. अंगणातल्या उन्हात तो भराभर वाळायचा, पडदा गुंडाळला की पोपडे निघायचे. तुम्ही आईच्या दोन जुन्या साड्या वर बांधून सावली केलीत. मंडळं ऑफिसात यायची, काचेतून आत पाहायची, आणि पेंटरचं घर विचारत आपल्या अंगणात यायची. आई त्यांच्या चहानं कावली होती. "तुमची पोरगी शिकली अन् माह्या डोक्शावर ऑफिस आलं," असं ती म्हणायची, आणि तुम्ही हसायचात. दोन सीझन असे गेले. नंतरच्या पावसाळ्यात तुम्हाला ताप भरला, गडचिरोलीला नेलं, आणि तिथून तुम्ही परत आला नाहीत. मी अंत्यविधीला पोचले तेव्हा साड्या अंगणात तशाच बांधलेल्या होत्या, पावसानं खाली लोंबत होत्या. मला त्या वेळी त्याच सोडवाव्याशा वाटल्या आणि मी तेच करत बसले.

मी कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही मला एक ब्लेड दिलं होतं. लाकडाच्या मुठीत बसवलेलं, तुम्ही स्वतः केलेलं. पडद्यावर चुकीचा फराटा गेला तर तुम्ही त्यानंच काढायचात. म्हणाला होतात, "चुकलं तं ओल्यात पुसू नको, आखीन पसरते. वाळू दे, मंग हळूच खरवड. कोणाले मालूमही नाई पडत." ट्रेसिंग पेपरवरची शाई अशीच काढतात, आमच्या वर्गात तसं ब्लेड कोणाकडे नव्हतं. ते माझ्याकडे अजून आहे, टेबलाच्या खणात, आणि त्याला धारही आहे.

आता कागद समोर आहे. मॅनेजरच्या टेबलाशी नऊ ठिपके, खिडकीशी चार, बाकांवर अकरा. पडवीत एकही नाही. तिथे कागद पातळ झाला आहे, दिव्यासमोर धरला की दुसऱ्या बाजूची माझी बोटं दिसतात. पुढच्या आठवड्यात ती मुलगी आपले ठिपके घेऊन येईल, तेव्हा हा कागद तिला दाखवावा असं काल वाटलं होतं. आज वाटत नाही. हे पत्रही त्याच्यातच गुंडाळून माळ्यावर ठेवून देईन.

तुम्ही पाटावर बसून विचारलंत, तेव्हा मी राहून गेलं म्हणाले आणि तुम्ही ते खरं धरलंत, किंवा धरल्यासारखं केलंत. राहून गेलं नव्हतं, बाबा. चौतीस ठिपके मी दोनदा मोजले होते. सर पाहायला येतील आणि त्यांना वास येईल म्हणून, शाई नीट वाळू दिली आणि मग ते तुम्ही सांगितलं होतं तसे हळूच खरवडले.