हाटसेनच्या वाळूवर राहिलेला जीव परत आणू देणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा पर्यटन अधिकारी,
श्री. सीसावात साहेब,
जिल्हा कचेरी, मुआंग थाफा.

अर्जदार : बुआफान, राहणार बान हाटसेन, नाम हिन नदीकाठ. धंदा : वाळू घोळून सोने काढणे व येणाऱ्या पाहुण्यांना ते शिकवणे.

विषय : बंद केलेल्या वाळूच्या बेटावर माझ्या बहिणीचा राहिलेला जीव आणण्यासाठी अर्धा दिवस जाऊ देणेबाबत.

संदर्भ : १) मनाईची आपल्या सहीची पाटी. २) आपल्या कचेरीतले कारकून श्री. विलाय यांनी तोंडी दिलेला सल्ला.

महोदय,

१. सविनय लिहिते की, अक्षर वेडेवाकडे आले आहे, तो अनादर समजू नये. मालिवान ही माझी धाकटी बहीण. नवशिक्यांना सोने घोळायला शिकवण्याचा आपला उपक्रम या बेटावर सुरू झाला, त्या सकाळी शिकवायला तीच होती. आपण तिला ओळखाल. आपण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठवट गदागदा हलवत होतात, तेव्हा "साहेब, भांडी घासताय का? हळू. सोनं जड असतं, ते खाली बसतं. पळते ती वाळू," असे जी म्हणाली ती. आपण हसलात, म्हणून आम्हीही हसलो. तिची जीभ अशीच आहे. म्हणजे होती.

२. वाळू घोळणाऱ्याची मान खाली असते. नवशिक्याची तर जास्तच, कारण त्याला अभ्रकाचा प्रत्येक कण सोने वाटतो. म्हणून आम्ही बायका कायम नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून बसतो. त्या दिवशी फोटोत डोंगर यावा म्हणून सगळ्यांना तिकडे पाठ करून बसवले होते. कुणी बसवले ते लिहीत नाही. पाणी गढूळ झाले, मग बांबूचा पाला वाहत आला, हे एकट्या मालिवानने पाहिले. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. भोंगा वाजला नाही. 'वाजला असल्यास आम्हांस ऐकू आला नाही' असे लिहावे, असे विलाय म्हणतात, म्हणून तसेही लिहिते. तिने एकेकाला दंडाला धरून होडीकडे ढकलले. आपला पाय वाळूत रुतला होता. ती परत फिरली, आपल्याला उपसून होडीत लोटले, आणि तेवढ्यात होडी सुटली. दुसरी होडी पोहोचेपर्यंत ती पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवाच्या बांबूला मिठी मारून गळ्याइतक्या पाण्यात उभी होती. मी काठावरून बघत होते. तिला मी साधी हाकसुद्धा मारली नाही.

३. तेव्हापासून मालिवान बोलत नाही. घराखाली खांबाला टेकून बसते. कुणी रांजणात पाणी ओतले तरी दोन्ही हातांनी खांब धरते. तिचे बाळ अजून पालथेही पडत नाही एवढे लहान, आणि तिचे दूध आटले. शेजारीण पाजते, पण तिलाही तिचे पोर आहे. दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले, औषध दिले, अंगाला कुठे काही झालेले नाही म्हणाल्या. गावातल्या जाणत्या म्हातारीने तिच्याकडे एकदाच पाहिले आणि म्हणाली, "ही इथे आहेच कुठे? ती अजून वाळूवरच आहे."

४. माणूस भेदरला की त्याचा ख्वान, म्हणजे अंगातला जीव, भेदरल्या जागी गळून पडतो, आणि तिथूनच मासे धरायच्या जाळीने उचलून घरी आणावा लागतो, हे आपणांस सांगणे नलगे. आपल्याही घरी लहानपणी कुणी केले असेल. परंतु बेट बंद आहे. विलाय हे भले गृहस्थ. त्यांनी माझ्यासाठी नियम धुंडाळले. बेटावर विसरलेली 'वस्तू' आणायला जाता येते, मात्र वर्णन, किंमत व मालकीचा पुरावा हवा. ख्वान ही वस्तू होते का, याबद्दल ते स्वतः जेवणाच्या सुट्टीत विचार करत बसले होते. शेवटी म्हणाले, लिहून तर बघा. त्यानुसार लिहिते.

वस्तू : ख्वान, एक.
वर्णन : दिसत नाही. वजन माहीत नाही.
किंमत : मालिवानचा नवरा म्हणतो, तिने पुन्हा एकदा मला शिवी दिली तर म्हैस देऊन टाकीन. त्याच्याकडे म्हैस एकच आहे.
मालकीचा पुरावा : तिच्या नावाने हाक मारली तरच येतो, दुसऱ्याच्या नावाने येत नाही.

५. त्या वजनावरूनच माझी झोप उडाली आहे, साहेब. सोने पडते तिथेच बसते, वरून कितीही पाणी जावो, हे आम्ही नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवतो. ख्वान जड की हलका, हे मला कुणी शिकवलेले नाही. जड असेल तर त्या बांबूच्या बुडाशी काळ्या वाळूत अजून असेल. हलका असेल तर? पाऊस लागला की धरणवाले रोज पाणी सोडणार, बेट बुडणार, आणि तो वाळूबरोबर मोठ्या नदीला लागणार. मग मी जाळी घेऊन कुठल्या काठाने फिरू? बाळ आता रडतेही कमी. आधी त्याच्या रडण्याने जीव कासावीस व्हायचा, आता ते गप्प असले की मी उठून त्याच्या नाकाशी बोट धरते.

६. तरी मला अर्धा दिवस बेटावर जाऊ द्यावे. सोबत एक जाळी, मालिवानचे न धुतलेले लुगडे, चिकट भाताचा गोळा, उकडलेले अंडे, केळे आणि फुले एवढेच असेल. काठवट नेणार नाही. सोन्याला हात लावणार नाही, हवी तर येताना झडती घ्यावी. तेवढा वेळ दरवाजे उघडू नयेत असे आपण धरणावर फोन करून सांगावे, ही हात जोडून विनंती. मी शूर नाही. आमच्या घरात शूर ती होती, मी मोठी असूनही तिच्या मागे लपणारी. आता पुलावरून जाताना मी कठडा सोडत नाही, आणि त्या वाळूवर वाकून हाका मारायच्या म्हणजे पाठ पुन्हा वरच्या अंगालाच येणार. बांबू तसाच रोवलेला आहे. त्याच्या पलीकडे खोल पाणी, म्हणून बसायला दुसरी बाजू नाही.

७. आता एक गोष्ट लिहू की नको असे करत होते. विलाय यांच्या तोंडून निसटले, त्यांना कृपया बोलू नये. आपण नदीकडची खिडकी खिळे मारून बंद करवली आहे, टेबल भिंतीकडे फिरवले आहे, पूल टाळून लांबच्या रस्त्याने घरी जाता, आणि डबा तसाच परत जातो. हे मी उणे काढायला लिहीत नाही. त्या दिवशी होडी काठाला लागली तेव्हा आपल्याला हात देऊन उतरवणारी मीच होते. आपण कुणाला हाक मारत होतात ते मी ऐकले आहे. ते मी कुणाला सांगितलेले नाही, आणि या अर्जातही लिहीत नाही. पाटी लागली तेव्हा गावातले लोक म्हणाले, साहेब स्वतः घाबरले आणि आमचे पोट बंद केले. मी म्हटले, गप्प बसा, त्यांचेही तिथे काही राहिले असेल.

८. माझी जाळी मोठी आहे, तीत दोघे मावतील. परंतु ख्वानाला हुद्दा कळत नाही. 'अधिकारी साहेब, घरी चला' म्हटले तर कुणी यायचे नाही. म्हणून लहानपणी आपल्या आई आपल्याला ज्या नावाने जेवायला हाक मारत, ते नाव परवानगीच्या कागदामागे आपल्या हाताने लिहून द्यावे. बेडूक असो, लठ्ठ्या असो, काहीही असो, मी हसणार नाही. परवानगी देता येत नसेल, तर कोऱ्या चिठ्ठीवर नुसते नाव पाठवावे. कारण मी तशीही जाणार आहे.

एवढी शेवटची गोष्ट सोडून आपली आज्ञाधारक,
व फार घाबरलेली,

बुआफान
बान हाटसेन
दिनांक : ९ मे

सोबत :
१. मनाईच्या पाटीची हाताने केलेली नक्कल.
२. पांढरा सुती दोरा, एक. हा आपल्या मनगटासाठी, घरी आणलेला ख्वान पुन्हा सुटू नये म्हणून. मी परत आल्याचे कळल्यावरच बांधावा.