चष्मेवाला उंदीर

तात्यापारा, रायपूर

ति. वनमालाताईस,

अच्युतचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच, कंबर आता वाकत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल, फक्त तुझी कौमुदी चार दिवस माझ्याशी बोलत नाही. फोन केला की ती आणि आमची पद्मिनी, दोघी कान लावतात. म्हणून हे खासगी पत्र, डिंकाने घट्ट बंद करून.

झालं असं. पोरीने प्रयोगशाळेत एक यंत्र बसवलंय. आपल्या टेलिफोनच्याच फायबरमधून, केसाएवढ्या काचेच्या तारेतून, प्रकाशाचा एकेक कण पन्नास किलोमीटर येतो आणि यंत्र तो मोजतं. प्रकाश डोळ्याला न दिसणारा, त्यात कण एकच! (काही आलं नाही तरी यंत्र मधूनच टिक् करतं. दारात कोणी नसताना पद्मिनी "कोण आहे?" म्हणते, तसंच.) अशा कणांतून निरोप पाठवला आणि मध्ये कोणी डोकावलं, तर लगेच कळतं म्हणे. मंगळवारी दिल्लीचे पाहुणे ते बघायला आले. त्यांनी मान डोलावली तरच पोरीचं काम पुढे चालणार. मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं तारा जोडल्या, तेव्हा मामा हजर हवाच. तिथला शिपाई नत्थू, त्याने दारातच बजावलं, "भैया, हाथ मत लगाना." मी इथल्यासारखं "हव" म्हणून होकार दिला.

आणि ऐन वेळी मोजणी धपकन खाली आली. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कौमुदीने माझ्याकडे. उंदीर असणार, त्या इमारतीत फार झालेत. पण पोरगी रागावली की हिंदीत जाते. "मामा, आप घर जाओ," एवढंच म्हणाली. ताई, तू तिला समजाव. ती बोलत नाही तर मला घास गोड लागत नाही.

तुझा,
अच्युत

ता.क. सोमवारी पाहुणे पुन्हा येताहेत. मला सोबत ने म्हणावं तिला. कोपऱ्यात उभा राहीन.

ता.क. वन्सं, मी पद्मिनी. उंदराला चष्मा होता. लाइन चालू आहे का बघायला यांनी जुन्या सवयीने तार बोटांत धरून वाकवली आणि सगळे कण गळाले. सोमवारी यांना घरीच ठेवायला सांगा.

ता.क. आई, मी कौमुदी. मी रुसलेली नाही, नुसतं दाखवते आहे. मोजणी पडली ते पाहुण्यांना उलट आवडलं. सोमवारी तारेला हात लावणारा पकडून दाखवा म्हणाले, आणि न सांगता हात लावणारा आमच्याकडे मामांशिवाय कोणी नाही. त्यांना तारेजवळ उभं करून "हात लावू नका" एवढंच सांगणार आहे. त्यांना कळू देऊ नकोस. डिंक मामींनी संपवला, म्हणून पाकीट मी भाताच्या शितांनी चिकटवलंय.